घरच्या सुतारकामातली विजेची यंत्रं आणि सरकारी सुरक्षा नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी गॅलरीत, गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांचे प्रश्न इथे घेतले आहेत. बरीचशी चर्चा अमेरिकेतल्या टेबल सॉच्या (पाटाच्या फटीतून गोल पातं वर आलेल्या करवत यंत्राच्या) नियमाबद्दल आहे, कारण घरगुती वापरातल्या सुतारी यंत्रावर सरकारने किती बंधन घालावं हा वाद तिथे वीस वर्षांहून जास्त काळ, उघडपणे आणि कागदोपत्री झाला. भारतातली स्थिती आणि आपल्याकडच्या मार्बल कटरचे प्रश्न त्यानंतर येतात.

घरी काम करणाऱ्या माणसाला सुरक्षेचे सरकारी नियम लागू होतात का?

फार थोडे. नियम दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार कामाच्या जागेवरचा. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने आलेली ओशा ही यंत्रणा कारखान्यात गोल करवतीवर गार्ड (पातं झाकणारं आवरण) आहे की नाही ते बघते. आपल्याकडे कारखाना अधिनियम १९४८ आणि त्याखालचे राज्यांचे नियम हेच काम करत आले, आणि त्यांची जागा आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता घेते आहे. हे सगळे नियम मालक आणि कामगार असं नातं धरून लिहिलेले आहेत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हौसेसाठी फळी चिरणारा माणूस त्यांच्या कक्षेत येत नाही आणि त्याच्या दारात कुठलाही निरीक्षक येणार नाही.

दुसरा प्रकार यंत्रावरचा. अमुक सोय नसेल तर हे यंत्र बाजारात विकायचंच नाही, असा. घरच्या कारागिरापर्यंत पोहोचणारा नियम हाच. म्हणून अमेरिकेतला सगळा झगडा कारखान्यांच्या खात्यात न होता ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगात झाला. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेला हा आयोग पुढे नुसता ‘आयोग’ म्हणून येईल.

इतकी यंत्रं असताना टेबल सॉवरच वाद का?

कारण या यंत्रात हात पात्याकडे जातो. ड्रिल किंवा सँडर चालवताना आपण यंत्र धरतो आणि लाकूड स्थिर असतं. टेबल सॉमध्ये पातं जागेवर फिरत राहतं आणि लाकूड हातांनी त्याच्यावर ढकलायचं असतं. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर भरतो. एवढ्या वेगापुढे हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

२००७-०८ च्या माहितीवरून आयोगाने काढलेला अंदाज असा होता की अमेरिकेत टेबल सॉच्या पात्याला लागून वर्षाला सुमारे ६७,३०० जणांना उपचार घ्यावे लागतात, आणि त्याचा समाजावर पडणारा बोजा वर्षाला २.३६ अब्ज डॉलर आहे. बहुतेक जखमा बोटांच्या. त्यातले अनेक जण वर्षानुवर्षं हेच काम करत आलेले असतात.

किकबॅक म्हणजे नेमकं काय होतं?

हे नीट समजून घ्या, कारण हात पात्यात जाण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

टेबल सॉचं पातं समोरच्या बाजूने, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूने, खाली जातं आणि मागच्या बाजूने वर येतं. समोरचे दात लाकूड कापतात आणि त्याला पाटावर दाबूनही धरतात. इथवर सगळं ठीक. कापलेला भाग पुढे सरकून पात्याच्या मागच्या बाजूला पोहोचतो तेव्हा तिथले दात खालून वर येत असतात. लाकडात ताण असेल, रेषे वाकडे असतील किंवा फेन्स, म्हणजे फळी टेकवून सरळ ढकलायची पट्टी, पात्याशी समांतर नसेल, तर कापलेली फट मागच्या बाजूने मिटू लागते किंवा फळी किंचित तिरकी होऊन पात्याला टेकते. मागचे दात तिला पकडतात, वर उचलतात आणि सरळ तुमच्या अंगावर फेकतात.

फळी पोटात किंवा बरगडीत बसते, तो मार मोठा असतोच. पण त्याच क्षणी फळीवर जोर देऊन ठेवलेल्या हाताखालचा आधार नाहीसा होतो. हात जोरात पुढे किंवा खाली जातो, आणि तिथे उघडं पातं असतं. डावा हात पात्याच्या मागे जाऊन फळी ओढत असेल, तर फळी त्याला बरोबर घेऊनच पात्यावर येते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतं. ‘माझं लक्ष होतं हो’ असं जखमी माणूस सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो.

यावर उपाय काय आहे, आणि तो सक्तीचा आहे का?

रायव्हिंग नाइफ. पात्याच्या अगदी मागे, पात्याच्याच वळणाची उभी पोलादी पट्टी. ती कापलेली फट मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांपर्यंत पोहोचू देत नाही. पातं वरखाली केलं की तीही वरखाली होते. जुन्या अमेरिकन यंत्रांवर तिच्या जागी स्प्लिटर असायचा. तो पात्याबरोबर हलत नसे आणि गार्डलाच जोडलेला असे. खाच पाडताना दोन्ही मिळून काढावं लागायचं, आणि एकदा काढलेलं पुन्हा बसवण्याचा कंटाळा यायचा. कित्येक गार्ड खोक्यातच राहिले.

युरोपात ही पट्टी कितीतरी आधीपासून रूढ होती. अमेरिकेत यूएल या सुरक्षा-मानक संस्थेच्या ‘यूएल ९८७’ या मानकात ती आल्यावर साधारण २०१० पासून नव्या यंत्रांवर सर्रास दिसू लागली. हे मानक ऐच्छिक आहे, पण मोठी दुकानं त्याशिवाय माल ठेवत नाहीत, त्यामुळे व्यवहारात ते जवळजवळ सक्तीसारखंच चालतं. माझ्या मते गेल्या काही दशकांत घरच्या कारागिराच्या पदरात पडलेली सर्वात मोठी सोय हीच. लोखंडाची एक पट्टी आहे, किंमत किरकोळ आहे, तिला वीज लागत नाही आणि ती बिघडतही नाही.

बोट लागताच थांबणारं पातं कसं काम करतं?

ओरेगॉनमधले स्टीफन गॅस हे पेटंट वकील, भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट आणि हौशी सुतार. त्यांनी १९९९ मध्ये यावर काम सुरू केलं आणि त्यातून ‘सॉस्टॉप’ कंपनी उभी राहिली. पात्यावर एक अगदी सूक्ष्म विद्युत संकेत सोडलेला असतो. कोरड्या लाकडाने त्यात फरक पडत नाही. माणसाचं शरीर वीजवाहक असल्यामुळे त्वचा टेकताच संकेत बदलतो. त्यासरशी स्प्रिंगने ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसवला जातो आणि पातं पाच मिलिसेकंदांच्या आसपास थांबतं. थांबताना त्याच झटक्याने ते पाटाखालीही जातं. जिथे बोट गेलं असतं तिथे ओरखडा उठतो.

प्रात्यक्षिकात सॉसेज वापरतात. गॅस यांनी स्वतःचं बोट लावूनही दाखवलं होतं.

त्याची किंमतही आहे. ब्रेक एकदा उडाला की त्याचं काडतूस, म्हणजे ठोकळा आणि स्प्रिंगचा संच, बदलावं लागतं आणि पातंही बहुधा जातं, म्हणजे दर वेळी शंभर-दीडशे डॉलर. फार ओलं लाकूड, लाकडातला खिळा किंवा ॲल्युमिनियमची पट्टी कापतानाही तो उडू शकतो. अशा कामासाठी यंत्रणा तात्पुरती बंद ठेवण्याची सोय दिलेली असते.

मग अमेरिकी सरकारने ते सक्तीचं का केलं नाही?

प्रयत्न झाला, फार लांबला आणि शेवटी सोडून दिला गेला.

गॅस यांनी आधी मोठ्या कंपन्यांकडे तंत्रज्ञानाचा परवाना देऊ केला. स्वामित्व शुल्क घाऊक किमतीच्या आठ टक्क्यांपर्यंत मागितलं होतं. कोणीही घेतलं नाही. मग त्यांनी २००४ पासून स्वतःच यंत्रं विकायला सुरुवात केली. त्याआधी, एप्रिल २००३ मध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आयोगाकडे अर्ज केला होता की सगळ्याच टेबल सॉना असं संरक्षण सक्तीचं करा. आयोगाने नियमाची पहिली पूर्वसूचना ऑक्टोबर २०११ मध्ये काढली. मसुदा आला मे २०१७ मध्ये आणि सुधारित मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये. अट अशी होती: बोटासारखी चाचणी-कांडी सेकंदाला एक मीटर वेगाने पात्याकडे नेली, तर तिच्यात ३.५ मिलिमीटरपेक्षा खोल काप जाता कामा नये. ते कसं साधायचं हे उत्पादकावर सोडलं होतं. सॉस्टॉपचंच यंत्र बसवा असं मसुद्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

२०२५ मध्ये आयोगाने हा प्रस्ताव मागे घेतला. म्हणजे आज अमेरिकेत साधा टेबल सॉ बनवणं आणि विकणं पूर्ण कायदेशीर आहे.

इतका वेळ लागण्याचं एक कारण कायद्यातच आहे. १९८१ च्या दुरुस्तीनंतर, उद्योगाचं ऐच्छिक मानक पुरेसं असेल आणि बहुतेक उत्पादक ते पाळत असतील, तर आयोगाला सक्तीचा नियम करता येत नाही. त्यामुळे यूएल ९८७ मध्ये सुधारणा झाली की आधी तिचा परिणाम तपासा, मगच पुढे चला, असा क्रम लागतो. पॉवर टूल इन्स्टिट्यूट या उत्पादकांच्या संघटनेने हाच मुद्दा लावून धरला.

पेटंटचा अडथळा खरा होता की सबब?

खरा होता. २०१५ मध्ये बॉशने ‘रिॲक्स’ नावाचा टेबल सॉ आणला. त्यात पात्याला इजा न होता ते खाली ढकललं जायचं आणि काडतूस दोनदा वापरता यायचं. सॉस्टॉपने पेटंटभंगाची तक्रार केली, आणि जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्याच्या आयातीवर बंदी घातली. चांगला पर्याय बाजारातून गेला. त्याच वर्षी सॉस्टॉप कंपनी फेस्टूल या अवजार कंपनीच्या मूळ जर्मन समूहाने विकत घेतली.

जी कंपनी सक्ती मागते तिच्याच हातात पेटंट, मग सरकारने मक्तेदारी का बांधून द्यावी, हा प्रश्न गैर नव्हता. पुढे सुरुवातीची पेटंट संपली, आणि २०२४ मध्ये सॉस्टॉपने जाहीर केलं की नियम लागू झाल्यास उरलेलं एक महत्त्वाचं पेटंट सर्वांसाठी खुलं करू. मला वाटतं, हे वचन दहा वर्षं आधी आलं असतं तर निकाल वेगळा लागला असता. लोकांची बोटं वाचवणारी गोष्ट सक्तीची करायची असेल तर तिचा परवाना वाजवी दरात सर्वांना मिळण्याची अट आधी घालायला हवी. तसं न केल्यामुळे वीस वर्षं गेली आणि त्या काळात माणसं जखमी होत राहिली.

न्यायालयांनी काही म्हटलं का?

मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी फरशी बसवणाऱ्या एका कामगाराचा हात रायोबी कंपनीच्या स्वस्त टेबल सॉवर कापला गेला. पातं थांबवणारं तंत्र उपलब्ध असून वापरलं नाही म्हणजे यंत्राच्या रचनेतच दोष, असा त्याचा दावा होता. ज्यूरीने २०१० मध्ये त्याला १५ लाख डॉलर दिले आणि पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मात्र एका खटल्याने देशभरचा नियम होत नाही.

सावध राहिलं की झालं. सरकारने मध्ये का पडावं?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही तसंच द्यायला हवं. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरात, स्वतःच्या जोखमीवर काम करणाऱ्याला स्वातंत्र्य हवं हे मान्य. महाग यंत्र परवडणार नाही म्हणून माणूस त्याहून धोकादायक जुगाड करील, ही भीतीही खरी आहे. तीन-चारशे डॉलरच्या आतला बेंचटॉप (टेबलावर ठेवायचा छोटा) सॉ आणि नऊशेच्या आसपासचं सॉस्टॉपचं छोटं मॉडेल यातला फरक नवशिक्याला झेपणारा नाही.

पण सावधपणा दिवसभर सारखा राहत नाही. संध्याकाळी सहाला, शेवटची पट्टी कापताना, तो सकाळइतका नसतो. आणि किकबॅकमध्ये तो असूनही उपयोग होत नाही हे वर पाहिलं. घरगुती यंत्रावर सक्ती केली की छंद मरतो असाही अनुभव नाही. त्याच आयोगाचा गवत कापायच्या ढकलयंत्रांसाठीचा नियम १९८२ मध्ये लागू झाला: दांडा सोडल्यापासून तीन सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे. आज तिकडे दांडा सोडला की यंत्र थांबतं याचं कोणाला नवलही वाटत नाही. टेबल सॉचंही असंच व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरोपात काय आहे?

तिथे हाताने लाकूड ढकलायच्या गोल करवती आणि रंधा यंत्रं ही युरोपीय संघाच्या यंत्र निर्देशांच्या जास्त धोक्याच्या यादीत आहेत, त्यामुळे सीई चिन्ह (तिथे विक्रीसाठी लागणारं सुरक्षेचं चिन्ह) लावण्याआधीची तपासणी कडक असते. रायव्हिंग नाइफ, गार्ड, आणि वीज जाऊन परत आली तरी आपोआप सुरू न होणारं बटण या गोष्टी तिथे गृहीत आहेत. बोट ओळखून थांबणारं पातं मात्र तिथेही सक्तीचं नाही. २०२३ चं नवं यंत्र विनियमन जानेवारी २०२७ पासून लागू होतं आहे.

भारतात असा काही कायदा आहे का?

सुतारी यंत्रांपुरता घरगुती कायदा म्हणाल, तर हात पोहोचेल असं फारसं काही नाही. पण यंत्रावर बंधन घालण्याचा अनुभव आपल्याकडे आहे, आणि तो शेतातून आलेला आहे. मळणी यंत्रात पेंढी सारताना शेतकरी-मजुरांचे हात जायचे. त्यावरून १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन अधिनियम झाला. उत्पादक आणि विक्रेत्याला परवाना, यंत्रावर धोक्याच्या सूचना, अपघात झाल्यास भरपाई अशा तरतुदी त्यात आहेत. तो मळणी यंत्रासाठी आहे, आणि शेती व ग्रामीण भागातली इतर यंत्रं केंद्र सरकारला अधिसूचनेने त्यात आणता येतात. म्हणजे वापरणारा कोणाचा नोकर नसला तरी यंत्र बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकता येते, हे आपण चार दशकांपूर्वीच मान्य केलं आहे.

कारखान्यांसाठीच्या राज्य नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांचं वेगळं परिशिष्ट असतं. गोल करवतीमागे रायव्हिंग नाइफ, वर गार्ड, हाताशी ढकलकाठी, सगळं त्यात लिहिलेलं आहे. तुमच्यावर ते बंधनकारक नाही, पण घरी तेच पाळा.

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. रचनेतला दोष किंवा अपुऱ्या सूचना यामुळे इजा झाली तर भरपाई मागता येते.

मार्बल कटर उलटा बसवून टेबल सॉ केला तर?

आपल्याकडचा खरा टेबल सॉ हाच आहे. साइटवर मिस्त्री करतात आणि ते बघून घरीही केला जातो. प्लायच्या तुकड्यात फट पाडायची, खालून कटर उलटा स्क्रूने आवळायचा, गार्ड काढून टाकायचा, बटण चिकटपट्टीने किंवा केबल टायने चालू अवस्थेत बांधायचं आणि भिंतीवरच्या बटणावर यंत्र चालवायचं. चार इंची लाकडाचं पातं मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांनी फटीतून वर फिरत असतं.

यात वर सांगितलेला एकही बचाव उरत नाही. मागे पट्टी नाही. फेन्सच्या जागी हाताने धरलेली काठी, म्हणजे फळी तिरकी होणारच. गडबड झाली की दोन्ही हात लाकडावर आणि बटण भिंतीवर. भारनियमनात वीज गेली, तुम्ही अडकलेला तुकडा काढायला बोटं घातली आणि वीज परत आली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. कायद्याची बाजूही लंगडी पडते: उत्पादनात बदल केला असेल किंवा त्याचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा करता येत नाही.

माझा आग्रह असा की कटर सुलटाच वापरा. फळी खाली क्लॅम्पने आवळा, तिच्यावर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी बांधा आणि कटर त्या पट्टीला धरून चालवा. कापही सरळ येतो. अरुंद पट्ट्या सतत लागत असतील तर रायव्हिंग नाइफ असलेला छोटा टेबल सॉ घ्या किंवा प्लायच्या दुकानातच पट्ट्या कापून आणा.

ग्राइंडरला लाकडाचं पातं लावलं तर चालतं का?

नाही. ग्राइंडरचा गार्ड आणि पकड दातेरी पात्यासाठी केलेली नसते. पातं अडकलं की यंत्र हातातून निसटून मांडीवर किंवा चेहऱ्यावर येतं. कित्येक उत्पादक माहितीपत्रकात याची स्पष्ट मनाई करतात.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी तिथलं यंत्र आणलं तर?

तिथली घरगुती वीज १२० व्होल्ट, आपली २३०. थेट लावलं तर मोटर जळेल. पेलेल असा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो, वॉरंटी इथे चालत नाही आणि ब्रेकचं काडतूस दर वेळी तिकडून मागवावं लागेल. त्यापेक्षा इथल्या विजेवर चालणारं यंत्र घ्या.

पातं आपोआप थांबणारं यंत्र असेल तर गार्ड काढून ठेवला तर चालेल?

मुळीच नाही. ब्रेक फक्त त्वचेचा स्पर्श ओळखतो. अंगावर उडणारी फळी आणि डोळ्यात जाणारा तुकडा त्याला कळत नाही.

भुशाचं काय?

लाकडाची धूळ ही कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ठरवलं आहे. घरात यावर कसलाही नियम नाही, पण मास्क घाला. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) कापताना तर नक्कीच.

विकत घेताना काय बघू?

दुकानात यंत्र चालू करून बघण्याआधी पात्याच्या मागे बघा. रायव्हिंग नाइफ आहे का आणि ती पात्याबरोबर खालीवर होते का? फेन्स आवळल्यावर दोन्ही टोकांना पात्याशी समांतर राहते का? बंद करायचं बटण मोठं, आणि मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल असं आहे का? प्लग काढून पुन्हा लावल्यावर यंत्र आपोआप सुरू होतं का? होत असेल तर घेऊ नका. चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर दुहेरी विद्युतरोधन आहे. नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. वायरवर आणि प्लगवर आयएसआय चिन्ह बघा आणि त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून खात्री करा. पक्कं बिल घ्या.

अपघात झालाच तर?

आधी जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या आणि हात वर धरा. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी मरतात. हाताच्या सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जा, आणि निघण्याआधी फोन करून ती सोय आहे ना ते विचारून घ्या.

यंत्र तसंच ठेवा. दुरुस्त करू नका, पातं बदलू नका, फोटो काढा, बिल आणि उपचारांचे कागद सांभाळा. यंत्रात दोष वाटत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. अमेरिकेत राहत असाल तर आयोगाच्या ‘सेफर प्रॉडक्ट्स’ या संकेतस्थळावर नोंद करा. जखम किरकोळ असली किंवा थोडक्यात वाचला असाल, तरीही.